काळ्या पाटीची गाडी

१६ जून, सोमवार

गाडी गेली. सतरा वर्षांची गाडी भंगारवाल्याने एकतीस हजारांत नेली. चालवत नेली नाही, दोर बांधून ओढत नेली. मेकॅनिकने आधीच सांगितलं होतं की इंजिन उघडलं तर पन्नास हजार जातील आणि वर भरवसा काही नाही. आशा फाटकात उभी होती. म्हणाली, "बरं झालं, सुटलो." जिच्यात बसून ही सतरा वर्षं माहेरी वलगावला गेली, ती गाडी गेल्यावर सुटलो म्हणते.

अडचण अशी आहे की दर सोमवारी आणि गुरुवारी आम्हाला अमरावतीहून अकोल्याला जावं लागतं. लेकीची, आचलची, बाळंतपणाची रजा संपली, बँक सुरू झाली. छकुलीला, तिच्या बाळाला, चार दिवस आचलची सासू सांभाळते, दोन दिवस आम्ही. तसं ठरलं आहे आणि ठरलेलं मी मोडत नाही. आज जावयाने रजा काढली. गुरुवारी काय, ते बघायचं आहे.

१९ जून, गुरुवार

बसने गेलो. मूर्तिजापूरपर्यंत उभं. बासष्टाव्या वर्षी मला कोणी जागा दिली नाही, आशाला दिली. उतरताना स्टँडवर एक बाई सरळ अंगावर आली आणि वर मलाच म्हणते, "दिसत नाई का बाबाजी?" मी म्हणालो, तुला दिसत नाही का. लोक हल्ली बाजूने घुसतात, समोरून यायची पद्धतच राहिली नाही.

जायला अडीच तास, यायला पावणेतीन. छकुलीजवळ जेमतेम पाच तास मिळाले, त्यातले दोन ती झोपली. गाडी घ्यायचीच. नवीन घ्यायची. आयुष्यभर पाटबंधारे खात्याच्या भांडारात लोखंड आणि सिमेंट मोजलं. एक गाडी मोजून घ्यायला मला कोणाची शिकवणी नको.

२४ जून, मंगळवार

शोरूममध्ये दीड तास बसलो. चहा दोनदा आला, माहिती एकदाही नाही. पाटीवर किंमत सहा लाख तीस हजार, रस्त्यावर येईपर्यंत सात लाख साठ. मधले एक लाख तीस कशाचे, असं विचारलं तर पोरगी गोड हसली आणि तिसरा चहा विचारला.

संध्याकाळी आचलचा फोन. "बाबा, इकत नका घेऊ. आता महिन्यानं भाड्यानं भेटते गाडी. इमा, सर्व्हिसिंग, सगळं त्याईचंच. तीन महिने घेऊन पाहा."

मी म्हणालो, "घर नसलं त माणूस भाड्यानं घेते. गाडी नसली त बस हाये."

"मंग बसनं या."

असं बोलते. मुलीला शिकवलं की हे होतं.

तरी तक्ता केला, कारण मी तक्ता न करता नाही म्हणणारा माणूस नाही. पेट्रोल दोन्हीकडे सारखंच, ते सोडून दिलं. स्वतःची गाडी दहा वर्षांनी विकली तर दीड लाख येतील. म्हणजे सहा लाख दहा हजार एकशेवीस महिन्यांत गेले. विमा, सर्व्हिसिंग, टायर धरून महिन्याला आठ हजार. भाड्याची गाडी महिन्याला साडेएकोणीस, शिवाय दीड हजार किलोमीटरच्या वर गेलं की किलोमीटरमागे आठ रुपये दंड. लहान पोराला कळेल असा फरक आहे.

आशा हार ओवत बसली होती. वर न बघता म्हणाली, "अन् सात लाख साठ बँकेत ठेवले त त्याचं व्याज?"

ते धरलं नव्हतं. धरलं. साडेबारा हजार झाले. तरी महिन्याला सात हजारांचा फायदा.

"दहा वर्षं काहून धरली?"

"गाडी दहा वर्षं चालते म्हणून."

"गाडी चालन हो. मी तुमचं इचारून राह्यली." सुईत झेंडू घालून म्हणाली, "एक वर्ष धरून करून पाहा बरं."

एक वर्ष धरून केलं. पहिल्याच वर्षी गाडीची किंमत एक लाख साठ हजारांनी पडते, त्यामुळे महिन्याचा आकडा वीस हजारांवर गेला. भाड्याची स्वस्त पडली.

"मंग झालं तं," म्हणाली आणि भाजी टाकायला उठली.

माझा बाप एक्याऐंशीव्या वर्षी सायकलने वावरात जात होता.

२७ जून, शुक्रवार

सात लाख साठमधले चार लाख आशाच्या दुकानाचे आहेत. अंबादेवीजवळ तिने बावीस वर्षं हार-गजरे विकले, त्याचे. मी पेन्शनीतून तीन साठ काढू शकतो, आणि तीन साठात चाकं नसलेली गाडी येते. ती भांडत नाही हाच तिचा त्रास आहे. एवढंच म्हणाली, "दसऱ्यापर्यंत भाड्याची घ्या. दसऱ्याले पाहू."

त्यावर मी म्हणालो की दसऱ्याला मुहूर्तावर घेणारच. ती म्हणाली, "पाहू."

तिने आणखी एक काढलं, की गाडी येण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन या. मागच्याच दिवाळीत कंप्युटरवर चष्मा तपासला आहे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तिचं काय चाललं आहे कळत नाही.

१ जुलै, मंगळवार

गाडी आली. योगेश नावाचा एजन्सीचा पोरगा घेऊन आला. तिशीतला, शर्ट खोचलेला, बोलायला शांत. गाडीभोवती फिरून त्याने मोबाइलवर वीस फोटो काढले. मग एक कागद दिला, त्यावर वरून दिसणारी गाडी छापलेली. म्हणाला, "काका, जुना ओरखडा असला त इथं फुली मारतो आमी. आज कोरा हाये. वापस देतानी पुन्हा पाहू." वीस हजार अनामत घेतली. सही केली.

गाडी पांढरी, बरी आहे. पण नंबरप्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं. भाड्याच्या गाडीला तशीच असते म्हणे. योगेश वळणावर जात नाही तोच शेजारचे देवीदास बनियनवर बाहेर आले.

"खुशालभाऊ, टुरिस्टचा धंदा टाकला काय?"

मी सगळं समजावून सांगितलं. स्वतःची गाडी, भाड्याची गाडी, घसारा, व्याज. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "बरं. आमाले शेगावले न्यायचे किती घ्यान?"

३ जुलै, गुरुवार

पहिली फेरी. दीड तासात अकोला. रस्ता असा की ताटात वरण सांडणार नाही. पण आशाने जीव नकोसा केला. ती माझ्या डाव्या हाताला बसते, आणि बसल्यापासून सुरू. "डावीकून ट्रक हाये." "डावीकून मोटरसायकल." "अवो, डावीकडे पाहा." सतरा वर्षं या बाईने गाडीत डोळे मिटून जप केला. आता तिला वाहतूक नियंत्रण सुचलं आहे. बोरगाव मंजूला मी म्हणालो, तू चालव. ती गप्प झाली. गप्प झाली ते एक बरं झालं.

आचलकडे जेवताना ठेचा नव्हता. मी म्हणालो, ठेचा वाढायला काय झालं. आचल म्हणाली, "बाबा, ताटात हाये न." बघतो तर होता, डावीकडे, लिंबाच्या फोडीजवळ. मागून वाढला असणार. दोघी एकमेकींकडे बघत होत्या.

छकुली मला बघून हसते. उजव्या मांडीवर घेतलं की हसते.

१४ जुलै, सोमवार

पहिला ओरखडा. आमच्याच फाटकाला. गवंड्याने तो डावा खांब बाहेर बांधला आहे, मी वीस वर्षांपूर्वीच त्याला सांगितलं होतं. सतरा वर्षं जुनी गाडी त्यातून गेली, पण ही इंचभर रुंद असणार. योगेशला फोन केला. म्हणाला, "असू द्या काका, शेवटी पाहू." शेवटी पाहू म्हणजे शेवटी कापू.

आज चहा स्वतः केला. आठवडा झाला, आशा सकाळी साडेसहाला स्कूटी घेऊन निघून जाते. विचारलं तर वलगावला फुलं आणायला. फुलं तर पंजाबराव, तिचा भाऊ, ऑटोत घालून पाठवतो, पूर्वीपासून. "शेवंती निवडून आणा लागते," म्हणते. आठ वाजता परत येते, आणि शेवंती दिसत नाही.

३१ जुलै, गुरुवार

महिन्याचा हिशेब. अठराशे साठ किलोमीटर झाले, तीनशे साठ जास्तीचे. दोन हजार आठशे ऐंशी दंड. म्हणजे छकुलीला बघायला गेलो त्याचा दंड. स्वतःच्या गाडीत हे कोणी विचारलं नसतं. तक्त्यात नवीन रकाना केला, 'मनःस्ताप', आणि त्यात किती लिहावं यावर बराच वेळ गेला.

दोन दिवस अकोल्याचे आणि एक दिवस उगाच शहरात फिरण्याचा. ते फिरणं बंद केलं की थोडाफार दंड वाचेल. पण गाडी दारात असून फिरायचं नाही, तर मग ती आहे कशाला?

११ ऑगस्ट, सोमवार

डाव्या बाजूचा आरसा गेला. मूर्तिजापूरला चहासाठी वळलो तर दूधवाल्याने मोटरसायकल अशी लावली होती की कोणालाही लागली असती. त्याची किटली पडली नाही, आरसा मात्र गेला. आशाने खाली उतरून काचेचे तुकडे गोळा केले आणि दूधवाल्याला म्हणाली, "लागलं नाई नं भाऊ?" मला नाही विचारलं.

पेपरही बदलला आहे. छपाई बिघडली. एक ओळ संपली की पुढची कुठे सुरू होते ते सापडत नाही, बोट ठेवून वाचावं लागतं. संपादकांना पत्र लिहिणार आहे.

२० ऑगस्ट, बुधवार

आशाच्या फोनवर सारखा 'पिंटू सर' असा फोन येतो. आज मी उचलला. पलीकडून, "मॅडम, उद्या हाफ क्लच..." आणि माझा आवाज ऐकून बंद. मी विचारलं, हा पिंटू कोण. म्हणाली, फुलबाजारातला हाये. मी म्हणालो, फुलबाजारात क्लच कशाला लागतो? म्हणाली, टेम्पो खराब झाला असन त्याचा.

असेल. मला त्या धंद्यातलं कळत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

पेपरात पहिल्या पानावर: लहान गाड्यांवरचा कर घटस्थापनेपासून कमी. गाडी साठ-सत्तर हजारांनी उतरणार. तीन महिने केलेला तक्ता फुकट गेला, पण आनंदाने फुकट गेला. अकोल्यात छकुली झोपल्यावर पुन्हा बसलो. दहा वर्षं धरून अकरा हजार पाचशे. आता ब्रह्मदेव आला तरी भाड्याची परवडणार नाही.

आशाला दाखवलं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, खरंच वाचलं. मग म्हणाली, "आकडे बरोबरच असतीन तुमचे. तुमी चुकत नाई त्याच्यात." आणि छकुलीचे कपडे घड्या करत बसली. मला वाटलं जिंकलो. पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

अकोल्यात गोरक्षण रोडवरून आचलच्या गल्लीत डावीकडे वळत होतो. वेग वीसही नसेल. रस्ता रिकामा होता. मी शपथेवर सांगतो, रस्ता रिकामा होता. आशा ओरडली आणि त्याच वेळी धक्का बसला. बघतो तर भाजीची हातगाडी आडवी, टमाटे चाकाखाली, सांबार-कोथिंबिरीच्या जुड्या नालीत, आणि एक म्हातारा रस्त्यावर बसलेला, उजवं मनगट डाव्या हातात धरून. कुठून आला, मला माहीत नाही. आकाशातून पडल्यासारखा.

मी उतरून हेच म्हणालो. "कोठून आले तुमी?" लोक जमले. एक जण म्हणाला, "कोठून म्हणजे? मघापासून इथंच होते थे. बुधाजी रोजच इथं उभे राह्यतात."

आशाने बुधाजींना रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. मला म्हणाली, गाडी इथंच राहू द्या, चाबी द्या. मी दिली. का दिली कळत नाही. मनगटाचं हाड मोडलं आहे, सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्याचे आणि मालाचे पैसे आम्ही दिले. ते देणं होतंच, ते माझ्या डोक्यात नाही. डोक्यात हे आहे की रस्ता रिकामा होता.

जावयाने गाडी अमरावतीला आणून दिली. 

१२ सप्टेंबर, शुक्रवार

चावी मागितली.

"नाई."

"आशा, चाबी दे."

"नाई देत. तुमाले डावीकून दिसत नाई."

"एका म्हाताऱ्याची हातगाडी मधात आली म्हणून मले आंधळा ठरवते तू?"

"मधात नाई आली. उभी होती." ती शांतच बोलत होती. "फाटकाचा खांब उभा होता. दुधाची मोटरसायकल उभी होती. सगळे उभेच होते. मी तीन महिन्यांपासून सांगून राह्यली."

मी बरंच बोललो. तिच्या माहेरापर्यंत गेलो, ते इथे लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं आणि चावी पोलक्यात खोचून दुकानात गेली. अडतीस वर्षांत तिने मला कुठल्या गोष्टीला असं तोंडावर नाही म्हटलं नव्हतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

ती एकटी बसने अकोल्याला गेली. मी गेलो नाही. संध्याकाळी पाय धूत म्हणाली, छकुली रांगायला लागली. मी पेपर वाचत असल्यासारखं केलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुपारी योगेश आला. मी बोलावलं नव्हतं, मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. म्हणाला, "अपघात झाला म्हणून तपासणी करा लागते काका." पुन्हा फोटो काढले, कागदावर फुल्या मारल्या. मग कागद माझ्यापुढे टेबलावर ठेवला.

मी बघितलं. एकही फुली नव्हती. म्हणालो, "कोरा तर हाये. मंग एवढं काय पाहून राह्यला?"

त्याने कागद उचलला, वरची कड खाली येईल असा फिरवला आणि परत तसाच माझ्यापुढे ठेवला.

सात फुल्या. पुढचा बंपर, दिवा, मडगार्ड, आरसा, दोन्ही दारं, मागचा कोपरा, सगळ्या एका कडेला. मी कागद हातात घेतला आणि पुन्हा आधीसारखा फिरवला. फुल्या गेल्या. मान वळवून बघितलं तर होत्या.

योगेश म्हणाला, "काका, उजवी बाजू शोरूममधून आल्यासारखी हाये. मी चार वर्षांत लय गाड्या वापस घेतल्या. लोकं दोन्ही बाजूनं ठोकतात." मग उठला. "भरपाईचं नंतर पाहू. आधी डॉक्टरले दाखवा."

त्याला कोणी बोलावलं होतं हे मी आशाला विचारलं नाही. तिने चहा टाकला होता. आम्ही तो प्यायलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी एका पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात डोकं ठेवायला सांगितलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी दाबत होतो. मध्ये मध्ये यंत्र बंद पडत होतं असं मला वाटलं. यंत्र बंद पडत नव्हतं.

मग डोक्याचा फोटो. मग दुसरे डॉक्टर, मेंदूचे. ते म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या मागच्या भागात एक रक्तवाहिनी बंद झाली होती, तिथे दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं अर्धं चित्र पोचतच नाही. विचारलं, होळीच्या सुमारास कधी डोकं फार दुखलं होतं का?

मी नाही म्हणणार होतो. आशा म्हणाली, "तीन दिवस. ऊन लागलं म्हणत होते."

मी विचारलं, मग मला काळं का दिसत नाही? अर्धं काळं दिसलं असतं तर मला कळलं नसतं का? डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पाठीमागे आत्ता काय दिसतंय? काळं दिसतंय का?" पाठीमागे काहीच दिसत नव्हतं. काळंही नाही. तसंच आहे म्हणे.

गोळ्या दिल्या, रक्त पातळ व्हायच्या. मान मुद्दाम डावीकडे पूर्ण वळवून बघायची सवय लावायला सांगितली. आता सहा महिने उलटलेत, फारसं परत येईल असं वाटत नाही, असंही सांगितलं.

"गाडी?" मी विचारलं.

"नाही."

एवढंच म्हणाले. ते पुढचा पेशंट बोलावत होते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

तक्ता काढून बघितला. दहा वर्षं, विमा, टायर, व्याज, मनःस्ताप. सगळी बेरीज बरोबर आहे. एका वर्षाचा हिशेब मी पाठीमागच्या बाजूला पेन्सिलीने केला होता, तिने सांगितला म्हणून. तोसुद्धा बरोबर आहे. नुसता बरोबर नाही, माझ्या कामाचा तोच होता.

नवरात्र बसलं. आशा पहाटेपासून दुकानात असते. मी घरात मान वळवायचा सराव करतो. कपाटाच्या डावीकडे एक खुंटी आहे, तिच्यावर माझी टोपी. ती मी चार महिने शोधत होतो.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बसने अकोल्याला गेलो, दोघं. आशाला आचलकडे पाठवून मी बुधाजींकडे गेलो. ते त्याच जागेवर होते. हात गळ्यात, तागडी त्यांची सून धरत होती. मी आधी मान वळवली, मग पलीकडे गेलो.

म्हणालो, "तुमची चूक नव्हती. मले दिसलेच नाई तुमी. डॉक्टरनं सांगतलं, मले डावीकून दिसतच नाई."

बुधाजींनी माझ्याकडे बघितलं. "मंग गाडी काहून चालवत होते?"

"मले मालूम नव्हतं."

"मालूम नव्हतं," ते सुनेला म्हणाले. ती भेंडी निवडत राहिली. मग माझ्याकडे वळून, "छकुली हातगाडीखाली खेळते आमची. त्या दिवशी नव्हती, म्हणून. मी रोज तेच पाह्यतो रात्री. समजलं?"

समजलं म्हणालो. माफी मागायची ठरवून गेलो होतो, मागितली, पण ती फार लहान झाली. त्यांच्याही नातीला छकुलीच म्हणतात. एक किलो भेंडी घेतली. त्यांनी पैसे मोजून घेतले, सुटे परत दिले, आणि ते बरं वाटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

परवा गाडी परत जाणार. रात्री मी म्हणालो, योगेशला मंगळवारी दहाला बोलावतो. आशा पीठ मळत होती. म्हणाली, "बोलावू नका. मी सहा महिने वाढवून घेतली."

"कोण चालवणार?"

तिने हात धुतले, देव्हाऱ्यातल्या गणपतीखालून एक कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं. उजवीकडून धरलं. तिचा फोटो होता, घाबरल्यासारखा. वाहन चालवण्याचा परवाना, बावीस ऑगस्टचा.

म्हणजे शेवंती नव्हती. पिंटूचा टेम्पोही नव्हता. मी म्हणालो, "मले सांगतलं नाई."

"सांगतलं असतं त शिकू देल्लं असतं?"

खोटं बोलता आलं असतं. बोललो नाही.

"अन् इकत का नाई घेत मंग?" मी म्हणालो. "आता कर कमी झाला. तू दहा वर्षं चालवशीन."

"मले जमते का नाई तेच मालूम नाई अजून. हात त बसू द्या. नवीन गाडीले खरचटलं त तुमी मले जगू द्यान का? याले आधीच सात हाये." मग पुन्हा पिठाकडे वळली. "जमलं त पाहू. नाई जमलं त वापस. त्याच्यासाठीच असते नं थे?"

मी तक्त्यात याला रकाना शोधत होतो. नव्हता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा गेला. झेंडू संपला, आशाला उसंत मिळाली, आणि आज आम्ही गाडीने अकोल्याला गेलो. ती चालवत होती.

काय सांगावं. चाळीसच्या वर गेली नाही. महामार्गावर ट्रकवाले भोंगे वाजवत बाजूने जात होते आणि ही दोन्ही हातांनी चाक असं धरून बसली होती की ते कोणी पळवून नेणार आहे. गिअर बदलताना माझ्या गुडघ्यावर हात मारला, दोनदा. लोणीजवळ गाडी बंद पडली, मागे बस. मी म्हणालो, क्लच दाब. म्हणाली, "तुमी बोलू नका." मी बोललो नाही. दीड तासाचा रस्ता आम्ही अडीच तासांत केला. एवढ्यात बस जाते, आणि बसला साडेएकोणीस हजार लागत नाहीत.

पण या जागेवर बसलं की आशा उजवीकडे येते. पूर्ण दिसते. खालचा ओठ दाताखाली धरला होता, कानाजवळ घामाची धार. मी बराच वेळ तिच्याकडेच बघत होतो. तिला कळलं नाही, तिची नजर रस्त्यावर होती.

संध्याकाळी निघताना आचलच्या गल्लीतून गोरक्षण रोडवर उजवीकडे वळायचं होतं. तोंडाशी गाडी थांबवली. उजवीकडे बघितलं, मोकळं होतं. मग तिने डावीकडे बघायचा प्रयत्न केला, पण मध्ये मी होतो आणि कडेला एक टेम्पो उभा होता.

"डावीकून काही येऊन राह्यलं का?" तिने विचारलं.

विचारल्यावर दोघांच्याही लक्षात आलं. तिने शब्द मागे घेतला नाही. मागचा माणूस भोंगा वाजवत होता.

मी काच खाली केली. मान वळवली, डॉक्टरांनी सांगितली तशी, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. आधी नुसता टेम्पो होता. आणखी वळवली.

"थांब. सायकलवाली हाये."

ती थांबली. एक शाळकरी पोरगी दप्तर पाठीला लावून आमच्या पुढून गेली. मी पुन्हा एकदा, शेवटपर्यंत बघितलं.

"आता घे."

तिने गाडी घेतली.